स्ट्रेप्टोकॉकस जंतुविषे

स्ट्रेप्टोकॉकस वंशातील सूक्ष्मजंतू आपल्या वाढीच्या काळात जी विषारी प्रथिने व एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) भोवतालच्या माध्यमात सोडतात, त्यांना स्ट्रेप्टोकॉकस जंतुविषे असे म्हणतात. जंतूच्या कोशिकेतून (पेशीतून) बाहेर टाकली जात असल्याने ती बाह्यविषे या वर्गात मोडतात. या वंशात अनेक जाती असल्या, तरी मानवी रोगांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जाती स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीझ ही आहे. घसादुखी व त्वचेवरील पूयस्फोट यांसारख्या सौम्य विकारांपासून लोहितांग ज्वर, धावरे, सूतिका ज्वर व जंतुविषजन्य अवसाद (रक्तदाब एकाएकी घसरून इंद्रियांचा रक्तपुरवठा अपुरा पडणे) यांपर्यंतचे अनेक विकार या एकाच जातीमुळे होतात. संसर्ग ओसरल्यानंतर उद्‌भवणारे संधिज्वर व वृक्कशोथ (मूत्रपिंडाची दाहयुक्त सूज) हे विकारही तिच्याशीच निगडित आहेत.

या जंतुविषांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील बरीचशी विषे शरीराची नासधूस प्रत्यक्षपणे करण्यापेक्षा शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेलाच दिशाभूल करून, निकामी करून किंवा अनावर करून करतात. त्यामुळे त्यांच्या अभ्यासातून रोगांबरोबरच रोगप्रतिकारक्षमतेच्या स्वाभाविक कार्यावरही मोलाचा प्रकाश पडला आहे.

इतिहास : टेओडोर बिलरोट या शस्त्रक्रियाविशारदांनी १८७४ मध्ये दूषित जखमांत व धावऱ्यात माळेसारखे रचलेले गोल जंतू पाहिले व त्यांना स्ट्रेप्टोकॉकस हे नाव दिले. ‘स्ट्रेप्टॉस’ म्हणजे पीळदार साखळी व ‘कॉकस’ म्हणजे दाणा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ते आले आहे. लूई पाश्चर यांनी १८७९ मध्ये सूतिका ज्वराच्या रुग्णांत असेच जंतू दाखविले. फेलाइझेन यांनी १८८३ मध्ये ते धावऱ्यातून वेगळे केले आणि १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी पूयजनक या अर्थी पायोजेनीझ हे जातिवाचक नाव दिले. शॉटम्यूलर यांनी १९०३ मध्ये रक्तमिश्रित आगराच्या संवर्धनावरून या जंतूंचे प्रकार पाडता येतात असे दाखविले. ज्यांच्या वसाहतींभोवती तांबड्या कोशिका पूर्णपणे विरघळून स्वच्छ कडे तयार होते, त्यांना बीटा रक्तविलयी म्हणतात. रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये कोशिकाभित्तीतील कार्बोहायड्रेटावरून या जंतूंचे ए, बी, सी इ. गट पाडले. स्ट्रे. पायोजेनीझ हा गट ए मध्ये येतो.

जंतुविषांच्या इतिहासातील निर्णायक टप्पा म्हणजे जॉर्ज व ग्लॅडिस डिक या अमेरिकन दांपत्याचे संशोधन होय. लोहितांग ज्वरातील लाल पुरळ जंतूमुळे नसून जंतूने सोडलेल्या विषामुळे उठते, हे त्यांनी दाखविले. संवर्धनाच्या गाळलेल्या द्रवाचा अत्यल्प अंश त्वचेत टोचला असता ज्या व्यक्तीच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे (विशिष्ट प्रतिजनाला प्रतिकार करणारी प्रथिने) नसतात, तिच्या त्वचेवर चोवीस तासांच्या आत लाली उमटते व प्रतिपिंडे असल्यास ती उमटत नाही. १९२४ मध्ये त्यांनी सुचविलेली ही डिक परीक्षा पुढे अनेक वर्षे प्रचारात होती. प्रतिजैविक औषधे उपलब्ध झाल्यावर ती मागे पडली.

हे विष सर्वच जंतू निर्माण करीत नाहीत. ते निर्माण करण्याची क्षमता जंतूच्या अंगभूत जनुकांत नसून त्याला संसर्ग करणाऱ्या जंतुभक्षी व्हायरसाच्या जनुकात असते, हे १९६४ मध्ये झाब्रिस्की यांनी सिद्ध केले. व्हायरसाबरोबर विषाचे जनुकही एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. एखाद्या प्रदेशात सौम्य वाटणाऱ्या घशाच्या साथीचे स्वरूप मधूनच उग्र का होते, याचे एक कारण यात सापडते.

प्रमुख जंतुविषे : (१) स्ट्रेप्टोलायसिने : रक्तातील तांबड्या कोशिकांचे विलयन करणारी ही विषे दोन प्रकारची आहेत. स्ट्रेप्टोलायसीन-ओ हे ऑक्सिजनाच्या संपर्कात निष्क्रिय होते. ते कोशिकापटलातील कोलेस्टेरॉलाला चिकटते व त्याचे अनेक रेणू कड्यासारखे एकत्र येऊन पटलाला मोठे छिद्र पाडतात. तांबड्या कोशिकांप्रमाणेच श्वेत कोशिका व हृदयाच्या स्नायूंच्या कोशिका यांनाही त्यामुळे इजा पोहोचते. ते चांगले प्रतिजन (शरीरात प्रतिपिंडनिर्मितीस चालना देणारा पदार्थ) असल्याने संसर्गानंतर रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. स्ट्रेप्टोलायसीन-एस हे ऑक्सिजनात टिकून राहणारे लहान पेप्टाइड आहे. रक्त आगरावरील वसाहतींभोवतीचे स्वच्छ कडे प्रामुख्याने त्याच्यामुळे दिसते. मात्र त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत.

(२) ज्वरकारक बाह्यविषे : यांनाच पूर्वी रक्तिमाकारक विष म्हणत असत. यांपैकी ए व सी ही विषे व्हायरसाने वाहून आणलेल्या जनुकांमुळे निर्माण होतात. नंतरच्या काळात जी, एच, जे इ. आणखी विषे उजेडात आली. ताप, पुरळ व अवसाद हे त्यांचे दृश्य परिणाम होत. पूर्वी याच मालिकेत गणले जाणारे ‘बी’ हे विष वस्तुतः प्रथिनभंजक एंझाइम असून त्याचे जनुक जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रात असते. ते ऊतकातील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातील) प्रथिनांचे विघटन करते व त्यामुळे संसर्ग खोलवर पसरण्यास वाट मिळते.

(३) पसरण्यास मदत करणारी एंझाइमे : स्ट्रेप्टोकायनेज हे रक्तातील प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाला क्रियाशील करते व त्यामुळे जंतूभोवती साकळलेल्या रक्ताचा अडसर वितळतो. हायल्युरोनिडेज संयोजी ऊतकातील जोडद्रव्य विरघळविते. डीऑक्सिरिबोन्यूक्लिएजे ही एंझाइमे पुवातील डीएनए तोडून तो पातळ करतात. धावऱ्याची लाली व सूज काही तासांतच आपली कड पुढे सरकवीत का जाते, ते यावरून समजते.

रोगप्रतिकारक्षमतेवरील परिणाम : शरीराचा प्रतिकार मोडून काढण्याचे या जंतूचे मार्ग स्थूलमानाने चार प्रकारचे आहेत.

(अ) प्रतिकार चुकविणे : जंतूच्या पृष्ठभागावरील एम प्रथिन भक्षिकोशिकांना (जंतू गिळून नष्ट करणाऱ्या श्वेत कोशिकांना) दाद देत नाही. जंतूवरील हायल्युरॉनिक अम्लाचे वेष्टन मानवी ऊतकातील अम्लासारखेच असल्याने शरीराला ते परके वाटत नाही. एक एंझाइम रक्तातील पूरक द्रव्याच्या सी५ए या घटकाचे तुकडे करते, तर दुसरे इंटरल्यूकीन-८ हा संकेत नष्ट करते. श्वेत कोशिकांना संसर्गस्थानी बोलाविणारी हाक अशा रीतीने वाटेतच दडपली जाते. श्वेत कोशिका आपल्या डीएनएचे जाळे टाकून जंतूंना अडकवितात, परंतु वर उल्लेखिलेली डीऑक्सिरिबोन्यूक्लिएजे ते जाळेही कापतात.

(आ) प्रतिपिंडे निकामी करणे : आयडीईएस या नावाने ओळखले जाणारे एंझाइम जी प्रकारच्या प्रतिपिंडाचा रेणू बिजागरीच्या जागी नेमका तोडते, तर एंडोएस हे त्याच प्रतिपिंडावरील शर्करेची साखळी काढून टाकते. प्रतिपिंड जंतूला चिकटले, तरी भक्षिकोशिकांना त्याची खूण पटत नाही.

(इ) प्रतिकार अनावर करणे : स्वाभाविक परिस्थितीत प्रतिजनाचे लहान तुकडे विशिष्ट कोशिकांच्या पृष्ठभागावरील खोबणीत बसवून टी लसिका कोशिकांपुढे मांडले जातात. ज्या टी कोशिकेचा ग्राही त्या तुकड्याशी तंतोतंत जुळतो तीच उद्दीपित होते. अशा कोशिका साधारणतः दहा हजारांत एक किंवा त्याहूनही विरळ असतात. ज्वरकारक बाह्यविषे ही शिस्त मोडतात. खोबणीत न बसता ती बाहेरच्या बाजूने दोन्ही कोशिकांना एकमेकींशी जखडतात व टी कोशिकेच्या ग्राहीतील बीटा साखळीच्या केवळ एका भागाशी संयोग पावतात. परिणामी एकाच वेळी पाचांत एक इतक्या मोठ्या प्रमाणातही टी कोशिका उद्दीपित होऊ शकतात. अशा पदार्थांना १९८९ पासून अतिप्रतिजन असे नाव पडले. उद्दीपित कोशिकांनी सोडलेली इंटरल्यूकिने, अर्बुदनाशक घटक, गॅमा इंटरफेरॉन इ. संकेतद्रव्ये रक्तात एकदम मिसळल्याने केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि वृक्क, यकृत व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात वर्णिलेला स्ट्रेप्टोकॉकसजन्य जंतुविषी अवसाद तो हाच. अतिदक्षता विभागात उपचार होऊनही अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक दगावतात.

हाच जंतू एका व्यक्तीत साधी घसादुखी व दुसरीत प्राणघातक अवसाद का निर्माण करतो, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. एक तर विषाविरुद्ध आधीची प्रतिपिंडे असणाऱ्यास संरक्षण मिळते. दुसरे असे की, अतिप्रतिजन ज्या कोशिकापृष्ठीय प्रथिनांना चिकटतो ती आनुवंशिकतेने व्यक्तिपरत्वे भिन्न असतात. त्यांपैकी काही प्रकार विषाशी घट्ट जुळतात व काही सैल जुळतात, आणि त्यावर रोगाची तीव्रता अवलंबून असते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

(ई) प्रतिकार थकविणे : उद्दीपनाचा हा भडका ओसरल्यावर त्यात सापडलेल्या टी कोशिकांपैकी पुष्कळशा मरतात व उरलेल्या काही काळ निष्क्रिय होतात. वारंवार गिलायुशोथ (टॉन्सिलांची दाहयुक्त सूज) होणाऱ्या मुलांच्या गिलायूंवर केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, प्रतिपिंडनिर्मितीला साहाय्य करणाऱ्या टी कोशिकाच ज्वरकारक विष ए च्या प्रभावाखाली प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या बी कोशिकांना मारू लागतात. एकाच मुलाचा घसा वर्षातून पुनःपुन्हा का बिघडतो, त्याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. दुसरे कारण म्हणजे एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत व एका प्रकाराविरुद्ध मिळालेली प्रतिकारक्षमता दुसऱ्या प्रकारापासून रक्षण करीत नाही. याउलट विषाविरुद्धची प्रतिपिंडे त्या विषापुरती दीर्घकाळ टिकतात. म्हणूनच लोहितांग ज्वर बहुधा आयुष्यात एकदाच होतो, घसादुखी मात्र अनेकदा होते.

संसर्गोत्तर विकार : घशाच्या संसर्गानंतर दोन ते तीन आठवड्यांनी काही मुलांत संधिज्वर उद्‌भवतो. या वेळी घसा पूर्ण बरा झालेला असतो व पुष्कळदा त्याचा विसरही पडलेला असतो. जंतूच्या एम प्रथिनाची व कार्बोहायड्रेटाची काही अंशी हृदयातील मायोसीन इ. प्रथिनांशी रचनासाम्यता असते. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे व टी कोशिका या साम्यामुळे स्वतःच्याच हृदयावर उलटतात. मोठे सांधे एकामागून एक सुजतात व पुढे पूर्णपणे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपांना, विशेषतः डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला, आलेला जाडपणा कायम राहतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांवर परिणाम झाल्यास हातापायांच्या अनैच्छिक हालचाली (कोरिया) सुरू होतात. हा विकार मुख्यतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत होतो. उपचार न झालेल्या घशाच्या संसर्गानंतर तो होण्याचे प्रमाण साथीच्या काळातही शेकडा तीनच्या आसपासच असते. पण प्रत्येक पुनःसंसर्गाबरोबर झडपांची हानी वाढत जाते.

वृक्कशोथ घशाच्या तसेच त्वचेच्या संसर्गानंतरही होतो. प्रतिजन व प्रतिपिंड यांची संयुगे वृक्कातील केशवाहिन्यांच्या गुच्छांत अडकतात व पूरक द्रव्य क्रियाशील होऊन तेथे दाह उत्पन्न होतो. सकाळी पापण्या व चेहरा सुजणे आणि लघवी कमी व धुरकट तांबूस होणे ही त्याची लक्षणे होत. बहुतेक मुले पूर्णपणे बरी होतात.

निदान : घशातील स्रावाचे रक्त आगरावर संवर्धन ही मूळ परीक्षा होय. संसर्गोत्तर विकारांत जंतू बहुधा सापडत नाहीत. तेव्हा टॉड यांनी १९३२ मध्ये प्रचारात आणलेल्या स्ट्रेप्टोलायसीन-ओ-रोधी प्रतिपिंडांच्या मापनाचा उपयोग होतो. संसर्गानंतर आठवड्याभरात ही प्रतिपिंडे वाढू लागतात व तीन ते पाच आठवड्यांत उच्चांक गाठतात. या परीक्षेचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक असते. जेथे घशाचे संसर्ग वारंवार होतात तेथील निरोगी मुलांतही हे प्रमाण बरेच आढळते. त्यामुळे एकाच मापनावरून सांधेदुखीच्या मुलास संधिज्वराचा रुग्ण ठरविणे चुकीचे असते व काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील वाढ अधिक विश्वसनीय असते. त्वचेच्या संसर्गात त्वचेतील लिपिडे स्ट्रेप्टोलायसीन-ओ ला बांधून ठेवीत असल्याने ही प्रतिपिंडे फारशी वाढत नाहीत. अशा वेळी डीऑक्सिरिबोन्यूक्लिएज-बी-रोधी प्रतिपिंडांचे मापन करतात.

उपचार व प्रतिबंध : स्ट्रे. पायोजेनीझ हा जंतू पेनिसिलिनाला आजही पूर्णपणे संवेदनशील आहे. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन दिल्यास संधिज्वर टळतो. अमेरिकेतील एका हवाई तळावरील सैनिकांत १९४९–५१ या काळात झालेल्या अभ्यासांनी याचा पाया घातला. संधिज्वर एकदा होऊन गेलेल्या मुलास बेंझाथीन पेनिसिलिनाचे १२ लाख एककांचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षे द्यावे लागते. लहान व कमी वजनाच्या मुलांत मात्रा निम्मी असते. जंतुविषी अवसादात पेनिसिलिनाबरोबर क्लिंडामायसीन देतात, कारण ते जंतूतील प्रथिननिर्मितीच थांबविते व नवीन विष तयार होऊ देत नाही. मृत ऊतक शस्त्रक्रियेने काढून टाकणे व अनेक दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे मिश्रण शिरेतून देणे हे उपायही योजतात.

महाराष्ट्र व वाशिम जिल्हा : लोहितांग ज्वराचे ठळक रूप भारतात क्वचितच दिसते. सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही व काचकागदासारखा खरखरीत स्पर्श हीच काय ती खूण राहते. संधिज्वराने मात्र भारतीय बालकांच्या हृदयाची फार मोठी हानी केली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियांचा जो पाया घातला, त्यात आकसलेली द्विदल झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेला महत्त्वाचे स्थान होते. प्रतिबंधाच्या बाजूने पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याचा उल्लेख करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले व हे औषध देशात सामान्यांच्या आवाक्यात येण्यास मदत झाली.

अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला वाशिम जिल्हा मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे व त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके येतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. स्ट्रेप्टोकॉकसाचा प्रसार खोकल्या-शिंकण्यातील तुषारांतून व निकट सहवासातून होत असल्याने एका खोलीत झोपणारी मोठी कुटुंबे व निवासी शाळा ही त्याची अनुकूल स्थाने ठरतात. अशा सहवासात श्वसनमार्गाचा संसर्ग किती वेगाने पसरतो, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना कोविड-१९ ची बाधा झाली तेव्हा दिसून आले. तो रोग व्हायरसाचा असला, तरी प्रसाराची वाट तीच आहे. खरजेमुळे खाजविलेल्या त्वचेतून होणारा संसर्ग ही दुसरी वाट असून ती वृक्कशोथाकडे नेते.

ग्रामीण भागात मुलाच्या घसादुखीवर मिठाच्या वा हळदीच्या पाण्याच्या गुळण्यांचा उपाय करण्याची रीत आहे. त्याने आराम पडतो व घसा चार-पाच दिवसांत आपोआपही बरा होतो, परंतु जंतू तेथून नाहीसा होत नाही. प्रत्येक घसादुखीला पेनिसिलीन लागते असेही नाही, कारण बहुसंख्य घसादुखी व्हायरसामुळे होते व तिच्यात सर्दी, खोकला व आवाज बसणे ही लक्षणे असतात. याउलट ताप, गिळताना तीव्र वेदना, गिलायूंवर पांढरे ठिपके व जबड्याखालच्या दुखऱ्या गाठी असून खोकला नसेल, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविणे अगत्याचे ठरते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांच्या तपासणीत संधिज्वरजन्य हृद्‌रोग व त्वचारोग या दोहोंचा समावेश आहे. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र नागपूरसारख्या दूरच्या ठिकाणी जावे लागते. वाशिम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

या रोगात सर्वांत कठीण काम निदानाचे वा शस्त्रक्रियेचे नसून दर तीन आठवड्यांचे अंतःक्षेपण वर्षानुवर्षे चुकू न देण्याचे आहे. मुलाला काही दुखत नसते, सुई मात्र फार दुखते आणि पेनिसिलिनाच्या ॲलर्जीची भीती रुग्णाप्रमाणे डॉक्टरांनाही वाटते. प्राणघातक ॲलर्जी अत्यंत विरळ असते. मजुरीसाठी कुटुंब गाव सोडून गेले की नोंदवहीतील तारीख हुकते व पुढचा संसर्ग झडपेची उरलीसुरली लवचिकता नाहीशी करतो. त्यामुळे अंतःक्षेपणाचे कार्ड कुटुंबाजवळ असणे व ते कोणत्याही शासकीय केंद्रात मान्य होणे याला औषधाइतकेच महत्त्व आहे.

उपयोग व लस : विषारी म्हणून ज्ञात झालेली काही द्रव्ये पुढे औषधे ठरली. टिलेट व गार्नर यांनी १९३३ मध्ये वर्णिलेले स्ट्रेप्टोकायनेज हृद्‌रोहिणीतील रक्ताची गाठ वितळविण्यासाठी वापरतात. इटलीत अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याची जीवरक्षक उपयुक्तता प्रस्थापित केली. ते तयार करण्याचे तंत्र चंडीगढ येथील सूक्ष्मजीव तंत्रविद्या संस्थेतही विकसित झाले. त्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होत असल्याने एकदा दिल्यावर ते सहसा पुन्हा देत नाहीत. प्रतिपिंडे तोडणाऱ्या आयडीईएस एंझाइमाला २०२० मध्ये यूरोपात वृक्करोपणासाठी सशर्त मान्यता मिळाली. ग्राहकाच्या रक्तातील विरोधी प्रतिपिंडे तात्पुरती नाहीशी करून रोपण शक्य करणे हा त्याचा हेतू होय.

या जंतूविरुद्धची लस मात्र अद्याप प्रचारात आलेली नाही. एम प्रथिनाचे असंख्य प्रकार व लसीनेच हृदयविरोधी प्रतिपिंडे निर्माण होण्याचा धोका या तिच्या मार्गातील मुख्य अडचणी आहेत. म्हणून सर्व प्रकारांना समान असलेले एम प्रथिनाचे भाग, सी५ए-भंजक एंझाइम व निर्विष केलेले स्ट्रेप्टोलायसीन-ओ यांचा लसीचे घटक म्हणून अभ्यास चालू आहे. इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये वर्णिलेला व ज्वरकारक विष ए अधिक प्रमाणात निर्माण करणारा एम१ चा नवा उपप्रकार पाहता, जंतुविषांवर सतत लक्ष ठेवण्याची गरज स्पष्ट होते. लस मिळेपर्यंत गर्दी कमी असलेली घरे, त्वचेची स्वच्छता, घशाच्या संसर्गाची वेळीच ओळख आणि पेनिसिलिनाचा अखंड पुरवठा हेच प्रतिबंधाचे खात्रीचे उपाय आहेत.